प्रायश्चित्त म्हणून मायनर घेऊ नकोस

पत्र थोडक्यात: रसायनशास्त्रात मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून पदवी करणारी एक विद्यार्थिनी लिहिते. तिचं पहिलं वर्ष संपत आलंय आणि मायनर, म्हणजे जोडीच्या दुय्यम विषयाचा फॉर्म भरायचा आहे. तिला पर्यावरणशास्त्र घ्यावंसं वाटतं. मोठा भाऊ म्हणतो, "हौस असेल तर पुस्तकं वाच, मायनरला कम्प्युटरच घे, उद्या तेच कामाला येईल." जवळच्या मैत्रिणीचं मत अगदी उलट: इतकं मनापासून वाटतंय तर सरळ मेजर बदल, पाच-सहा पेपर देऊन पर्यावरण वाचत नसतं. पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तशा, या ओळी आहेत: "खरं सांगू का, मला रसायनशास्त्र आवडतं याचीच मला लाज वाटते. नद्या, हवा, माती, सगळं आमच्याच विषयाने नासवलं. निदान मायनर तरी चांगल्या बाजूचा असावा असं वाटतं. माझं काही चुकतंय का?"

प्रिय मैत्रिणी,

भावाचं आणि मैत्रिणीचं नंतर बघू. आधी त्या शेवटच्या ओळी घेते, कारण माझ्या मते खरी गाठ तिथे आहे. रसायनशास्त्राची लाज वाटते म्हणून पर्यावरणशास्त्र, हे कारण मला पटलेलं नाही. विषयाचं कुतूहल आहे म्हणून घे, शिकवणारे चांगले आहेत म्हणून घे, अगदी फिरायला मिळतं म्हणून घेतलास तरी माझी हरकत नाही. प्रायश्चित्त म्हणून घेतलास तर पहिल्या सत्रापुरता उत्साह टिकेल. पुढे मातीचे थर आणि नायट्रोजन चक्राच्या आकृत्या घोटायची वेळ आली की तो कुठून आणणार?

शिवाय तो आरोप तरी तू नीट तपासलास का? काही अंशी तो खराच आहे. १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळण्याची युक्ती थॉमस मिजली या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने शोधली, आणि त्याच दशकाच्या अखेरीस फ्रिजसाठी सीएफसी (क्लोरोफ्लुओरोकार्बन) वायू शोधले तेही त्यानेच. एका माणसाच्या खात्यावर इतके दोन पराक्रम म्हणजे कमालच झाली. पण सीएफसी आले ते सुरक्षित म्हणून, हे विसरू नकोस. त्याआधीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले वायू असत आणि गळती झाली की जिवावर बेतायचं. नवा वायू पेट घेत नव्हता, विषारी नव्हता, कशाशी सहजासहजी अभिक्रिया करत नव्हता. प्रयोगशाळेच्या परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण होते. फक्त एक प्रश्न राहून गेला होता: जो वायू कशाशीच अभिक्रिया करत नाही, तो फ्रिजमधून निसटला की जातो कुठे आणि पुढे त्याचं होतं काय?

त्या प्रश्नाचा पाठपुरावा करून १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी उत्तर दिलं. दोघेही रसायनशास्त्रज्ञ. वायू वर स्थितांबरात पोचतो, तिथे अतिनील किरणांनी फुटतो, सुटा झालेला क्लोरीन ओझोनचा रेणू मोडतो आणि पुढचा मोडायला पुन्हा मोकळा होतो. उत्प्रेरकाची व्याख्या तू बारावीत पाठ केली असशील, ती इथे आकाशात चालू होती. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर वर्षानुवर्षं ओझोन मोजत असलेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तिथला थर वसंत ऋतूत झपाट्याने विरळ होत असल्याचं प्रसिद्ध केलं, आणि १९८७ मध्ये सीएफसींवर मर्यादा आणणारा माँट्रियल करार झाला. मोलिना आणि रोलंड यांना पॉल क्रुट्झेनबरोबर १९९५ चं नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचंच.

शिशाची गोष्ट तर मला याहून आवडते. क्लेअर पॅटरसन हे अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ पृथ्वीचं वय काढत होते. त्यासाठी उल्केच्या तुकड्यांतलं शिसं मोजायचं होतं आणि आकडे काही केल्या जुळेनात, कारण नमुन्यात बाहेरून शिसं शिरत होतं. हवेतून, भांड्यांतून, अभिकारकांतून, सगळीकडून. त्यांनी सगळं घासूनपुसून, शेवटी बाहेरची धूळ येणारच नाही अशी प्रयोगशाळा उभारून काम पुरं केलं आणि १९५६ मध्ये सुमारे ४५५ कोटी वर्षं हे वय प्रसिद्ध केलं. दुसरा कुणी असता तर तिथे थांबला असता. पॅटरसन मात्र त्रास देणाऱ्या त्या शिशाच्याच मागे लागले. समुद्राच्या पृष्ठभागाजवळचं पाणी आणि खोलवरचं पाणी, ध्रुवाकडच्या बर्फाचे जुने आणि नवे थर, असं मोजत गेले आणि हे शिसं माणसानेच पसरवलंय हे दाखवून दिलं. उद्योगांनी कडाडून विरोध केला. शिसंयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथली विक्री थांबली २०२१ मध्ये, म्हणजे मिजलीच्या शोधानंतर शंभर वर्षांनी.

रसायनशास्त्राची बाजू सावरण्यासाठी मी हे सांगत नाहीये. विषयांना बाजू नसते. मला तुझं लक्ष वेधायचंय ते त्या राहून गेलेल्या प्रश्नाकडे. वस्तू चंचुपात्रातून बाहेर पडल्यावर कुठे जाते, कशात साठते, कुणाच्या पोटात जाते? रसायनशास्त्र हे विचारायला मनाई करत नाही, पण विचारायची सवयही लावत नाही. ती सवय लावणं हे पर्यावरणशास्त्राचं काम. दक्षिण आशियातली गिधाडं आठव. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक गुराढोरांना चालत होतं, औषध म्हणून त्यात खोट नव्हती. पण मेलेलं जनावर गिधाडं खातात आणि त्या औषधाने त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ मध्ये शोधनिबंध आला तेव्हा जगाला कळलं. तोवर भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचा जवळजवळ निकाल लागला होता. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली आणि मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न बाधणारा पर्याय पुढे आला. गुराच्या शरीरात औषध काय करतं हे बघणारे पुष्कळ होते. गूर मेल्यावर काय, हे विचारणारं कुणी नव्हतं.

आता तुझ्या रोजच्या कामातलं उदाहरण घेऊ. थायोसल्फेटचं टायट्रेशन तू केलं असशीलच. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत म्हणजे तेच. बाटली बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरायची, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून मँगनीज सल्फेट आणि अल्कलीतलं आयोडाइड सोडायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी गाळ धरतो, नसेल तर गाळ पांढराच राहतो. मग आम्ल घालून आयोडीन मोकळं करायचं, स्टार्च घालायचं, आणि निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेट थेंब थेंब. इथपर्यंत तू पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांपेक्षा सरस असशील. पण समज, तळ्यावर दुपारी तीनला बाटली भरलीस आणि उत्तम आकडा आला. तळं निरोगी आहे असं लिहशील? शेवाळ माजलेल्या तळ्यात भर उन्हात ऑक्सिजन भरपूरच असतो, कारण प्रकाशसंश्लेषण जोरात चालू असतं. रात्री ते थांबतं आणि श्वसन मात्र चालूच राहतं. मासे मरतात ते पहाटे. शिवाय पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे टायट्रेशन बिनचूक आणि निष्कर्ष साफ चुकीचा, असं होऊ शकतं. बाटली कुठे, किती वाजता, किती खोलीवर भरायची आणि किती बाटल्या भरल्या म्हणजे काही म्हणता येईल, हे तुला मायनरमध्ये शिकायचंय. ते शिकवत असतील तर घे.

यातूनच माझी पहिली सूचना निघते, आणि ती बहुतेकांना उलटी वाटते. मायनरमध्ये 'पर्यावरणीय रसायनशास्त्र' हा पेपर ऐच्छिक असेल तर तो घेऊ नकोस. गुण सहज मिळतील, पण हातात नवं फारसं काही पडणार नाही. तुझ्याकडे जे नाही ते घे: परिसंस्थाशास्त्र, भूजल आणि माती, संख्याशास्त्र, जीआयएस (कम्प्युटरवर नकाशे आणि जागेची माहिती हाताळणं), आणि कायदा-धोरणाचा निदान एक पेपर. धोरणाच्या वर्गात पहिले काही आठवडे तुला कंटाळा येईल. विज्ञान शाखेतल्या मुलांना येतोच. पण शिशाचा पुरावा हाती आल्यावरही एवढी वर्षं का लागली, हे टायट्रेशनने कळत नाही.

आता भाऊ. त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण तो अर्धा बरोबर आहे. फक्त मायनरच्या जोरावर 'पर्यावरण शास्त्रज्ञ' म्हणून कुणी नोकरी देत नाही. तुझी ओळख रसायनशास्त्राची पदवी हीच राहील. मायनरमुळे इतकंच होतं की पाणी-हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळा, सांडपाणी प्रक्रिया केंद्रं, कंपन्यांचे पर्यावरण आणि सुरक्षितता विभाग, प्रकल्पांचे परिणाम तपासणाऱ्या सल्लागार संस्था अशा ठिकाणी तू इतर केमिस्टांपेक्षा लवकर कामाला लागतेस, आणि या दिशेने पुढे एमएस्सी करायची तर दार उघडं राहतं. कम्प्युटरचा मायनर याहून जास्त ठिकाणी चालतो हे मान्य करायला हवं. भावाचं चुकतंय ते एवढ्यापुरतंच, की त्याला हे दोन विषय एकमेकांचे वैरी वाटतात. आजचं पर्यावरणशास्त्र बरंचसं आकडेमोडीवर चालतं. लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची छायाचित्रं २००८ पासून सगळ्यांना फुकट मिळतात. त्यांच्यातून जंगल किती घटलं, तलाव किती आक्रसला हे काढायचं तर कोड लिहावाच लागतो.

तुझा कल नक्की कुठे आहे हे ताडून बघायचा एक उपाय सांगते. एका रविवारी होण्यासारखा आहे. हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला जातोय. सुरुवातीला तो सुमारे ३१५ पीपीएम (दहा लाख भागांत ३१५ भाग) होता, आता ४२० च्या पुढे गेलाय. महिन्यागणिक आकड्यांचा तक्ता कुणालाही उतरवून घेता येतो. तो घे आणि साध्या स्प्रेडशीटमध्ये आलेख काढ. रेषा वर चढताना करवतीच्या दात्यांसारखी दिसेल, दरवर्षी थोडी वर, थोडी खाली. आता स्वतःकडे बघ. दाते वेगळे काढून नुसती चढण कशी दाखवायची, त्याचं सूत्र कसं लिहायचं, यात तुझी संध्याकाळ गेली तर भावाचं ऐक. हे दाते येतात तरी कशामुळे, उत्तर गोलार्धातल्या झाडांशी त्यांचा काय संबंध, दक्षिण ध्रुवावर ते एवढे बारीक का, यात गेली तर पर्यावरणशास्त्र घे. आणि दोन्हींत गेली तर पर्यावरणशास्त्र घेऊन त्यातले जीआयएस आणि संख्याशास्त्राचे पेपर निवड, म्हणजे भावालाही बोलायला जागा राहणार नाही.

मैत्रिणीचं म्हणणं मला जास्त खटकलं. पाच-सहा पेपरांनी पर्यावरण वाचत नाही हे खरंच, पण मेजरच्या वीस-बावीस पेपरांनीही ते वाचत नाही. पदवी म्हणजे शिक्षण, व्रत नव्हे. पर्यावरणशास्त्राच्या मेजरमध्ये आवाका मोठा असतो. थोडं जीवशास्त्र, थोडं भूशास्त्र, थोडा कायदा, थोडं अर्थशास्त्र. कुणाला असं पसरट शिकणं मानवतं आणि त्यांनी ते जरूर करावं. पण असल्या प्रश्नांवर काम करणाऱ्या गटात निदान एक जण असा लागतो ज्याला एका गोष्टीतलं खोलवर कळतं. मोलिना-रोलंड यांना अभिक्रियांचे वेग ठाऊक नसते तर नुसत्या काळजीने ओझोनचं काही कळलं नसतं. मेजर बदलायचा विचार कर, पण वेगळ्या कारणासाठी: प्रयोगशाळेत तास संपायची वाट बघतेस का? सेंद्रिय रसायनशास्त्राचं पुस्तक उघडवत नाही का? तसं असेल तर मला पुन्हा लिही. पण तुझ्या पत्रात तर नेमकी उलटी कबुली आहे. विषय आवडतो, आणि आवडतो याचंच वाईट वाटतं.

बातम्या वाचून झोप लागत नाही असंही तू लिहिलंयस. हा विषय घेतला की मन शांत होईल अशा भरवशावर राहू नकोस, रोज तेच वाचावं लागणार आहे. एक फरक मात्र पडतो. प्रमाण कळायला लागतं. कोणती गोष्ट मोठी, कोणती नुसती गाजलेली, कोणती सुधारते आहे, हे आकड्यांवरून स्वतः ताडता येतं. काहींना त्याने बरं वाटतं, काहींना अजून वाईट. झोपेचं बराच काळ असंच चालू असेल तर ते वेगळं प्रकरण आहे आणि त्यासाठी समुपदेशकाशी बोल, मायनरवर ते ओझं टाकू नकोस.

घेऊ नको म्हणेन अशीही परिस्थिती असते. सगळ्याच ठिकाणी हा मायनर चांगला शिकवला जातो असं नाही. अभ्यासक्रम नीट वाच. प्रदूषणाचे प्रकार, कारणं, उपाय, असं प्रत्येक घटकात येत असेल, सत्रात एकदाही बाहेर जाऊन नमुने घ्यायचे नसतील, तर शाळेतलंच पुस्तक जाड करून दिलंय असं समज. वरच्या वर्गातल्या कुणाला तरी गाठ, पण "कसा आहे विषय?" असं विचारू नकोस, "सोपा आहे गं" एवढंच ऐकायला मिळेल. "तुम्ही स्वतः काय मोजलंत?" असं विचार. उत्तर चटकन आलं, आणि सोबत चिखलाची, तुटलेल्या उपकरणाची, न जुळलेल्या आकड्यांची तक्रार आली, तर बेलाशक घे. शक्य असेल तर शिक्षकांना विचारून एका तासाला मागे जाऊन बस.

इतर वाचकांकडूनही साधारण अशीच पत्रं येतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. मेजर कुठलाही असो, मायनर घेण्याआधी आपल्या विषयाचा कुठला प्रश्न पर्यावरणात जाऊन अडतो ते एका वाक्यात लिहून बघा. अर्थशास्त्रवाल्यांना तो शोधावाच लागत नाही. धुराची किंमत धूर सोडणाऱ्याने भरायची की नाही हा वाद आर्थर पिगू यांनी १९२० मध्येच मांडून ठेवलाय, आणि सामाईक कुरणं, पाणी लोक आपसांत कसं सांभाळतात यावरच्या कामासाठी एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पत्रकारिता करणाऱ्यांनी घ्यावा तो प्रकल्पांचे जाडजूड अहवाल वाचता येण्यासाठी. यंत्र अभियांत्रिकी किंवा डिझाइनवाल्यांनी वस्तूचं जीवनचक्र मोजायचा पेपर कुठे मिळतो ते आधी बघावं, बाकीचं नंतर. कुणाचं असं एकही वाक्य होत नसेल तर सरळ दुसरा मायनर घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

फॉर्म भरण्याआधी कार्यालयात काही गोष्टी विचार, आणि उत्तरं लेखी घे, कारण खिडकीवर मिळालेलं तोंडी उत्तर महिन्याभरात बदलतं. मेजरचा एखादा पेपर मायनरमध्येही धरला जातो का? जीआयएसला आधी दुसरा कुठला पेपर करावा लागतो का, आणि तो दरवर्षी असतो की एक वर्षाआड? प्रात्यक्षिकांची वेळ तुमच्या सेंद्रियच्या प्रात्यक्षिकावर आदळते का? ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण रसायनशास्त्राच्या मुलांचे मायनर बहुतेक तिथेच गळतात. आणि एका सत्रानंतर नको वाटलं तर झालेले क्रेडिट खुल्या ऐच्छिक विषयांत जमा होतात की वाया जातात, तेही विचारून घे.

चौकशीअंती तुझ्याकडचा मायनर नुसता व्याख्यांचा निघाला तर कम्प्युटर घे आणि मनाला लावून घेऊ नकोस. शेवटच्या वर्षी मेजरचा प्रकल्प असतोच. त्यासाठी पाण्याचा किंवा मातीचा प्रश्न निवडता येईल, फक्त तसं मार्गदर्शन करणारे शिक्षक विभागात आहेत का हे आत्ताच बघून ठेव. चांगल्या मार्गदर्शकांकडच्या जागा वर्षभर आधीच भरतात.